राखीवास ‘ते’ म्हणावे

माझा स्वभाव तापट आहे हे नेवाशाच्या कोर्टात पट्टेवाल्यापासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी नगरला पात्रता समितीपुढे झालेल्या त्या सुनावणीत मी बराच वेळ तोंड मिटून बसले होते. समोर प्रतिजीव कंपनीचा वकील केदार, पुण्याहून आलेला, कडक इस्त्रीतला. त्याच्या शेजारी आमच्याच जिल्ह्यातल्या बेलापूरचे ऊसवाहतूकदार राधाकृष्ण अप्पा आणि तोंडाला मास्क लावलेली त्यांची मुलगी प्रणिता. माझ्या बाजूला माझी पक्षकार आणि शेजारीण लंकामावशी. आणि मधल्या मोकळ्या जागेत, एका स्टुलावर, मधू. वय अकरा, दोन वेण्या, डाव्या कानात चांदीची बाळी आणि उजव्या कानात पिवळा बिल्ला.

बिल्ला म्हणजे तोच, जनावरांच्या कानात ठोकतात तो. मी घोडेगावची आहे. माझे अब्बा फक्रुद्दीनभाई तिथल्या जनावरांच्या बाजारात जन्मभर दलाली करत आले, त्यामुळे बिल्ला बघून दचकणारी मी नव्हे. पण आमच्या बाजारातसुद्धा म्हैस विकणारा जाताना तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवतो. प्रतिजीवचे डॉक्टर दर तिमाहीला मधूकडे यायचे, वजन करायचे, दात बघायचे, नळीभर रक्त काढायचे आणि तिच्याशी चकार शब्द न बोलता गाडीत बसून जायचे. मी ओट्यावरून बघायचे आणि माझं डोकं फिरायचं.

राखीव म्हणजे काय हे कुणाला माहीत नसेल तर सांगते. ज्यांची ऐपत आहे त्यांच्या आजारी मुलाची हुबेहूब प्रत ही कंपनी बनवते. त्याच्याच पेशीपासून, तोच चेहरा, तेच रक्त. ती प्रत एखाद्या गरजू बाईच्या पोटात वाढवायची, तिच्याच घरी सांभाळायला ठेवायची, आणि मूळ मुलाला मूत्रपिंड म्हणा, यकृत म्हणा, काही लागलं की उचलून न्यायची. कायदा तिला माणूस म्हणत नाही, राखीव म्हणतो. हा कायदा झाला तेव्हा मी कॉलेजात होते. आम्ही काही मुलींनी मोर्चा काढला तर लोक म्हणाले, आजारी लेकरं वाचत असतील तर तुमच्या पोटात का दुखतं? राग तेव्हाही आला होता, आणि तो अजून उतरलेला नाही.

प्रणिताला लहानपणीच मूत्रपिंडाचं हळूहळू वाढणारं दुखणं निघालं. अप्पांनी वेळीच तिची प्रत करवून घेतली, आणि ती वाढली आमच्या शेजारच्या लंकामावशीच्या पोटात. मावशी आणि तिचा नवरा मच्छिंद्र, टेम्पो चालवतो तो, या दोघांना मूल नव्हतं. कंपनीनं तिला नियम सांगितले. राखीवास नाव ठेवू नये. शाळेत घालू नये. सणावारात, देवाधर्मात घेऊ नये. आणि शेवटचा, ज्यावरून पुढचं सगळं रामायण घडलं तो नियम: राखीवास ‘तो’ किंवा ‘ती’ न म्हणता ‘ते’ म्हणावे. नियम करणाऱ्याचं गणित सोपं होतं. भांडं ते, कपाट ते, यंत्र ते. रोज ‘ते’ म्हणत राहिलं की जीव लागत नाही.

ज्यानं हा नियम लिहिला तो आमच्याकडे एकदाही जेवायला आलेला नसणार. आमच्या गावात लाडक्या लेकीला ‘ते’च म्हणतात. आलं का गं शाळेतून? लई गुणाचं हाय ते. नवी सून सासूच्या मनात भरली की महिन्याभरात ‘ती’चं ‘ते’ होतं, आणि एखाद्या दिवशी परत ‘ती’ ऐकू आली तर शेजारणींनी समजून घ्यायचं की काहीतरी बिनसलंय. कंपनीच्या माणसानं बोट नाचवून मावशीला बजावलं की बाई, कायम ‘ते’ म्हणायचं. मावशी म्हणाली, दुसरं काय म्हनू? बाई आज्ञाधारक आहे, असं समजून तो खूश होऊन गेला.

पहिले तीन नियम मोडायचे हे मावशीनं पाळणा बांधायच्या आधीच ठरवलं. नाव मी सुचवलं, मधुवंती. मावशीनं तोंड वाकडं केलं आणि त्याचं मधू करून टाकलं. बिल्लेवाल्या मुलांना शाळेत घेत नाहीत म्हणून आमच्या ओट्यावर मी तिला शिकवलं. दिवाळीला ती उटणं लावून आमच्याकडे फराळाचं ताट आणायची आणि ईदला आमच्याकडून शीरखुर्म्याचा डबा न्यायची. शेवटचा नियम मात्र मावशीनं अगदी मनापासून पाळला.

माझी गोष्ट वेगळी. आमच्या घरात दखनी बोलतात आणि दखनीत नपुंसकलिंगच नाही. पाणी असो, खुर्ची असो, पोरगी असो, एक तर तो नाहीतर ती. मराठी मी शाळेत शिकले, चांगली शिकले, पण जिवंत माणसाला ‘ते’ म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही. मधूला मी ‘ती’ म्हणायचे आणि मावशी मला छेडायची, वकीलीनबाई, किती परकं बोलता वो तुमी, त्याच्यासंगं भांडान हाय का तुमचं?

या उन्हाळ्यात प्रणिताची दोन्ही मूत्रपिंडं थकली. मावशीला कंपनीचा फोन आला की गाडी पाठवतो, राखीव तयार ठेवा. एक मूत्रपिंड आत्ता घेणार, पुढं काय काय लागेल ते सांगता येत नाही, म्हणून ठेवणार मात्र कंपनीच्या केंद्रातच. केंद्रात गेलेलं राखीव परत आल्याचं आमच्या भागात कुणी ऐकलेलं नाही. मावशी फोन हातात तसाच धरून माझ्या दारात आली. रडली नाही. सरवरी, तुझा कायदा काय म्हनतो ते बघ, न्हाईतर मी माझं बघते, एवढंच म्हणाली.

कायद्यात एक फट होती. सांभाळणाऱ्यानं राखीवाला माणूस म्हणूनच वाढवलं असं सिद्ध झालं तर ते माणूस धरावं, आणि मग त्या अल्पवयीन मुलाच्या अंगाला कुणी हात लावू शकत नाही. वाचतानाच मला संताप आला होता. म्हणजे तुम्ही माणूस आहात की नाही हे तुम्हाला कोण कशी हाक मारतं यावर ठरणार. पण बुडत्या माणसानं दोरी कुठल्या दुकानातली ते विचारू नये, म्हणून मी त्याच फटीत पाय घातला आणि हे ठरवणाऱ्या पात्रता समितीकडे सुनावणी मागितली.

समितीच्या अध्यक्ष मॅडम नागपूरकडच्या, नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांना आणि केदारला आमची बोली काय कळणार, म्हणून मी मावशीकडून आठवडाभर घोकून घेतलं होतं की तिथं ‘ती’ म्हणायचं. मावशी उभी राहिली आणि फळ्यावरचं वाचल्यासारखी बोलू लागली. ती माझ्यापाशी वाढली. ती मला आई म्हणते. तिला गोवर आला तेव्हा मी तिच्या उशाशी होते. शब्द सगळे खरे, पण ऐकताना वाटावं की बाई शेजाऱ्याच्या मुलीबद्दल बोलतेय. मधूसुद्धा तिच्याकडे गोंधळून बघायला लागली. आईला आपला राग आलाय की काय, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

मग केदार उठला. कंपनी दर महिन्याला फोन करून चौकशी करायची, ते सगळे फोन त्यानं जपून ठेवले होते. त्यानं एकामागून एक ऐकवायला सुरुवात केली. मावशीचा आवाज हॉलभर घुमला. ते जेवतंय आत्ता. ते झोपलंय, नंतर करा. त्याला ताप हाय. ते खेळाया गेलंय. केदारनं आवाज बंद केला आणि मॅडमकडे वळून अतिशय सभ्यपणे म्हणाला की अकरा वर्षांत या बाईंनी राखीवाला एकदाही ‘ती’ म्हटलेलं नाही. वस्तूला म्हणतात तसं ‘ते’ म्हटलं. आज ‘ती’ म्हणतायत ते वकीलबाईंनी शिकवल्यामुळे, हे आपल्याला ऐकूनच कळलं असेल.

माझ्या कानशिलात बसली. मीच माझ्या हातानं त्याला काठी काढून दिली होती. मी उठून समजावलं की नियम कंपनीचाच होता, आणि आमच्याकडे तर हे लाडाचं बोलणं आहे. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की याला तुमच्या म्हणण्याखेरीज काही आधार आहे का. मी म्हणाले, घोडेगावला चला. त्या म्हणाल्या, समिती समोर येईल त्यावर चालते. केदारनं पुस्ती जोडली की वेळ आली की प्रत्येक सांभाळणाऱ्याला प्रेम आठवतं. मधूनं हळूच हात वर नेऊन बिल्ला झाकून घेतला होता.

पुढची पाळी अप्पांची. त्यांना मी तोवर मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या होत्या. सकाळपासून ते भिंतीकडे बघत बसले होते, कारण मूळ घरच्यांनी राखीवाचं तोंड बघू नये असाही कंपनीचा एक नियम आहे. त्यांना साखरेचा आजार, त्यांचं मूत्रपिंड चालत नाही. प्रणिताची आई वारलेली. भावकी एवढी मोठी की लग्नात पंगतींवर पंगती उठतात, पण मूत्रपिंड जुळतं का या तपासणीपुरताही कुणी पुढे आला नव्हता. सगळ्यांचं एकच म्हणणं, राखीव आहे की.

अप्पांनी पाठ केलेलं सुरू केलं, माझी कन्या प्रणिता हिला अमुक साली निदान झाले वगैरे. तेवढ्यात केदारनं, मॅडमना पाझर फुटावा म्हणून असेल, विचारलं की अलीकडे घरी प्रणिताची काय अवस्था असते. अप्पांचा पुस्तकी आव गळून पडला.

“काय सांगू साहेब,” ते म्हणाले. “आमचं प्रनिता लई हुशार हुतं. पळायच्या शर्यतीत पयलं यायचं ते. आता जिना चढाया लागलं की दम लागतो त्याला. मला म्हनतं, अप्पा, दिवा बंद करू नका. ते गेलं तर मी कुनासाठी जगू?”

माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. बाप होता तो, आणि त्याचं लेकरू मरत होतं. डोळे पुसता पुसता त्यांचे शब्द माझ्या कानात पुन्हा वाजले, आणि मी ताडकन उठले.

“अप्पा, ‘ते’ म्हणजे कोण?”

“म्हंजे? प्रनिता.”

“प्रणिता मुलगी आहे ना? मग ‘ते’ का म्हणालात?”

मला वेड लागलंय की काय अशा नजरेनं ते बघत राहिले. “आमच्यात म्हन्त्यातच तसं,” ते म्हणाले. “लाडाचं लेकरू असलं की.”

कोपऱ्यात टाइप करणारा कारकून थांबला. तो शेवगावचा, म्हणजे आमच्याच बोलीतला होता, सकाळपासून खाली मान घालून ओठातल्या ओठात हसत होता, ते का ते मला आत्ता कळलं. अप्पांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आपण काय बोललो ते लक्षात आलं तेव्हा त्यांची मान आपोआप वळली आणि सबंध दिवसात पहिल्यांदा त्यांनी स्टुलाकडे पाहिलं. तिथं त्यांचीच प्रणिता बसली होती, अकरा वर्षांची, शर्यतीत पळायची त्या वयातली. ते मागं सरून खुर्चीवर बसले.

मी मॅडमना सांगितलं की हे वाचून दाखवायला सांगा. कारकुनानं वाचलं, सगळी ‘ते’ जशीच्या तशी. केदार म्हणाला की साक्षीदार भावनेच्या भरात आहेत, या व्याकरणाचा इथं संबंध नाही. आणि मग मात्र मी आवाज चढवला.

“तासाभरापूर्वी संबंध होता,” मी म्हणाले. “मॅडम, ‘ते’ म्हणजे वस्तू असेल तर दोघी वस्तू आहेत. मग एका वस्तूसाठी दुसरी कापायची काही गरज नाही. ‘ते’ म्हणजे लेकरू असेल तर दोघी लेकरं आहेत. बेलापुरात एक अर्थ आणि घोडेगावात दुसरा, हे मी चालू देणार नाही. आणि खरं विचाराल तर हा प्रश्नच मला मान्य नाही. हिला कुणी शिव्या देऊन, उपाशी ठेवून वाढवलं असतं, तर ही माणूस नसती का?”

मॅडमनी पेन कागदावर ठेवून दिलं. त्यांचा चेहरा पडला होता, पण खुर्ची खुर्चीच असते. निर्णय नंतर कळवू म्हणाल्या, आणि नियमाप्रमाणे तोवर राखीव कंपनीच्या ताब्यात राहील. केदारनं दाराशी उभ्या असलेल्या दोन माणसांना खूण केली.

मावशी उठली. पदर खोचला आणि मधूचा हात धरला.

“ते सकाळपासून उपाशी हाय,” ती म्हणाली. “मी त्याला घरी नेते.”

मॅडम म्हणाल्या, बाई, आदेश येईपर्यंत तसं करता येणार नाही.

“येऊ द्या की आदेश. बाजारतळाच्या मागं आमचं घर हाय, कोनी बी दावील त्याला.”

आणि ती चालू लागली. आठवडाभर माझ्या शिकवणीत अडकलेली तिची जीभ मोकळी झाली होती, पावलंही मोकळी पडत होती. मी फाईल तिथंच टाकली आणि तिच्या मागं निघाले. दाराची ती दोन माणसं पुढं सरकली. वाट अप्पांच्या खुर्चीजवळून जात होती आणि अप्पा उठून उभे राहिले, बरोबर मध्ये. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या मुलीचं आयुष्य दाराबाहेर चाललं होतं. त्यांनी मधूचा दंड धरला असता तर मी काय केलं असतं, मला अजूनही माहीत नाही.

प्रणितानं मास्क खाली ओढला. सुजलेला, पिवळट चेहरा, पण नाकडोळे मधूचेच. तिनं बापाची बाही धरली.

“जाऊ द्या त्याला, अप्पा,” ती म्हणाली. “उपाशी हाय ते.”

अप्पा तिच्याकडे बघतच राहिले. मग बाजूला झाले. ती दोन माणसं केदारकडे बघू लागली, केदार अप्पांकडे. अप्पांनी मानेनं नाही म्हटलं, आणि ज्याच्यासाठी न्यायचं त्यालाच नको असेल तर कुणाच्या जोरावर अडवणार? आम्ही तिघी जिना उतरून मच्छिंद्रकाकांच्या टेम्पोत बसलो. वाटेत मावशी एकच वाक्य बोलली. म्हणाली, त्या पोरीची भावकी कुठं कुठं राहते ते मला सांग, उद्यापासून एकेकाच्या दारात जाऊन बसते, बघू कोन तपासनीला येत न्हाई ते. मी म्हणाले, मीही येते. मावशी बसली म्हणजे माणूस उठेपर्यंत उठत नाही, हे गावाला माहीत आहे.

घरी पोचलो तेव्हा अब्बा ओट्यावर बिल्ले कापायची पक्कड घेऊनच बसले होते. राखीवाचा बिल्ला काढणं गुन्हा आहे. कुठलं कलम, किती शिक्षा, मला तोंडपाठ आहे. मी मधूचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. दुखंल का, तिनं विचारलं. थोडं दुखेल बेटा, अब्बा म्हणाले, आणि कट्कन आवाज झाला. मावशीनं डब्यातून जोडीतली दुसरी बाळी आणली. बिल्ल्याचं भोक मोठं, बाळी सैल बसली आणि लोंबायला लागली, तरी मधूनं आरशात चारचारदा बघितलं. मग ती भाकरीचा काला करून जेवायला बसली.

मावशीचा फोन वाजला. कंपनीचाच होता. मावशीचे हात पिठात होते म्हणून मी उचलला. पलीकडून कोरड्या आवाजात विचारलं, राखीव कुठं आहे?

“राखीव इथं कोणी न्हाई,” मी म्हणाले. “आमचं मधू हाय, आणि ते जेवतंय.”